लिनक्सवर भुलाबाई

"मोबाइलवर करून टाका," असं मला एकूण अकरा जणांनी सांगितलं. त्या अकराही जणांची नावं माझ्या डायरीत आहेत. त्यात माझी बायको सुजाता आहे, मुलगी इरावती आहे, शेजारचा हिरालाल साहू आहे, आणि आमच्या गल्लीत दूध घालणारा माणूसही आहे, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. मी कोणाचंही ऐकलं नाही. माणसाने एखादं काम अंगावर घेतलं की ते नीट करावं, अशा मताचा मी आहे. या मतापायी आजवर माझं जे जे नुकसान झालं ते सगळं सांगायला बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल.

मूळ गोष्ट वनमालाकाकूंची आहे. वनमालाकाकू माझ्या चुलती, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम तात्यापारा. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला नागपुराहून रायपुरात आलं आणि इथलंच होऊन गेलं. कारकुनी मात्र अजून सुटलेली नाही. या घराण्याच्या भुलाबाईची सोळा गाणी काकूंना येतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडून, टिपऱ्या वाजवत बायका जी गाणी म्हणतात, ती नागपूर-वऱ्हाडाकडे पुष्कळांना येत असतील. पण आमच्या गाण्यांत दोनशे वर्षांत छत्तीसगढचं पाणी मुरलं आहे. आमच्या गाण्यातली सून खारून नदीवर धुणं धुते आणि नणंद तिला ताटात बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, वाढते. ही गाणी दुसरीकडे कुठे नाहीत. काकू ओळ म्हणतात आणि बाकीच्या बायका मागून झील धरतात, अशी पद्धत आहे.

ती गाणी लिहून का घेतली नाहीत, असं तुम्ही विचाराल. तेही करून झालं. काकूंना गाणी सांगता येत नाहीत, फक्त म्हणता येतात, आणि म्हणतानाही मागे टिपऱ्या लागतात. वही घेऊन समोर बसलं की तिसऱ्या ओळीला गाडी थांबते. "म्हटलं तं येते, सांगाले गेलं तं पळून जाते," असं त्यांचं म्हणणं.

आणि यंदा काकू कायमच्या बंगळूरला चालल्या होत्या. त्यांचा मुलगा शिशिर तिकडे चौदाव्या मजल्यावर राहतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून झालं होतं. आमच्या मराठी मंडळातल्या भुलाबाईची सगळी जबाबदारी सुजातावर असते. "काकू गेल्यावर पुढच्या वर्षी भुलाबाई मांडून काय करू? मुक्यानं बसू का तिच्यापुढं?" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. सुजाताचे डोळे सहसा भरत नाहीत, ते काम ती माझ्याकडे देते. मी हललो आणि म्हणालो, "गाण्यांचं रेकॉर्डिंग मी करतो."

"करा नं. मोबाइलवर करा अन् मोकळे व्हा."

अकरातलं पहिलं नाव ते.

माझ्या घरी जुना लॅपटॉप आहे. तो अजून धडधाकट आहे, पण वर्षभरापासून तो मला रोज एक सूचना दाखवायचा, की नव्या प्रणालीसाठी आपलं यंत्र पात्र नाही. आता, पात्र-अपात्र ठरवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली आहेत. नव्या रायपुरात, आठ पदरी रस्त्याच्या कडेला, जिथे दिवसातून दोनदा बस आणि चारदा गाय जाते, तिथल्या एका संचालनालयात मी परवानग्या देण्याच्या विभागात आहे. म्हणजे बहुतेक वेळा न देण्याच्या. त्यामुळे माझ्याच टेबलावर बसून मलाच अपात्र म्हणणारं हे यंत्र मला सहन होईना. आमच्या संगणक कक्षातल्या भैय्यालाल देवांगनला मी ही व्यथा सांगितली. तो म्हणाला, "सर, लिनक्स डार लव. जुन्ना मशीन म घलो बढ़िया चलथे. गाना-बजाना के घलो सब मिलथे."

लिनक्स म्हणजे जुन्या यंत्रावरही चालणारी फुकटची प्रणाली. त्याने ती दुपारच्या सुट्टीत टाकूनही दिली. मी घरी येऊन सुरू केलं तर चक्क सुरू झालं. पुढे जे झालं त्याबद्दल भैय्यालालला मी दोष देत नाही. त्याने फक्त दार उघडलं, आत मी माझ्या पायाने गेलो.

लिनक्समध्ये आवाजाची व्यवस्था कशी असते हे थोडक्यात सांगतो. एक प्रोग्राम आवाज काढतो. दुसरा तो वाहून नेतो. तिसरा या दोघांना जोडतो. आणि या तिघांचं आपसात पटत नाही म्हणून चौथा लिहिला गेला, जो स्वतःला पहिले तिघे असल्याचं भासवतो. हे वाचून मला अगदी कार्यालयात बसल्यासारखं वाटलं, आणि तिथेच मी गाफील राहिलो. घरच्या भानगडी त्यात नकोत म्हणून मी लॅपटॉपवर 'भुलाबाई' नावाचं स्वतंत्र खातं उघडलं. त्या खात्यातून रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सुरू केला, तर उत्तर आलं की आपण ध्वनी गटाचे सदस्य नाही. सदस्य व्हायला गेलो तर उत्तर आलं की सदस्य होण्याची परवानगी मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि खाली एक ओळ होती: या घटनेची नोंद वर कळवली जाईल.

माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, वर म्हणजे कोणाला? बत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती लोकांना लिहिलं असेल, आणि ते वाचून त्यांची झोप कशी उडाली असेल, हे त्या दिवशी प्रथम समजलं. इरावतीने मागून डोकावून पाहिलं. ती मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, वर मतलब आप ही. आपने दो अकाउंट बनाए हैं ना, दूसरे वाले को रिपोर्ट जाएगी." म्हणजे तक्रार करणाराही मी, आरोपीही मी आणि चौकशी अधिकारीही मीच. मी दुसऱ्या खात्यात जाऊन स्वतःला परवानगी दिली. जरा आढेवेढे घेऊनच दिली, कारण सवय जात नाही.

इंटरनेटवर या विषयाच्या चर्चेची पानं आहेत. तिथे मी माझी अडचण मांडली. पहिल्याने विचारलं, तुम्ही हे लिनक्स का घेतलं, ते दुसरं का नाही घेतलं. दुसऱ्याने लिहिलं, आधी माहितीपुस्तिका वाचा. ती चारशे दहा पानांची होती. अगदी माझीच अडचण असलेला एक सज्जन मला सात वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला तेव्हा मला भाऊ भेटल्याचा आनंद झाला. त्याच्या निवेदनाखाली त्याचीच शेवटची ओळ होती: प्रश्न सुटला, सर्वांचे आभार. कसा सुटला ते त्याने लिहिलं नव्हतं. असल्या माणसाला देव काय शिक्षा देत असेल याचा विचार मी आठवडाभर केला.

शेजारचा हिरालाल साहू ध्वनीच्या धंद्यातलाच आहे. त्याचं धुमाल आहे, म्हणजे ट्रकवर भिंतीएवढे भोंगे, बँजो आणि ढोल लावून वरातीपुढे वाजवायचा व्यवसाय. बीरगांवात त्याचा ट्रक उभा राहतो आणि लग्नसराईत पलीकडच्या उरला वस्तीपर्यंत खिडक्या हादरतात. त्याने कुंपणावरून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भैया, काहे झंझट पालथव. सीधा मोबाइल में कर लो." मी डायरी काढली. पण माणूस दिलदार. त्याने मला त्याचा एक चांगला माइक आणि तारांचं भेंडोळं आणून दिलं. वर एक सल्लाही दिला: "बेस बढ़ा देना. पब्लिक बेस मांगती है." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या भुलाबाईत बेस कुठून वाढवायचा ते मी त्याला विचारलं नाही.

पहिल्या रविवारी दुपारी काकू, सुजाता आणि मंडळातल्या सहा बायका टिपऱ्या घेऊन आमच्या बैठकीच्या खोलीत जमल्या. माइक लावला तर 'हूंऽऽ' असा आवाज. मी पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. शेवटी कळलं की माइकच्या तारेजवळ मोबाइल असला की तो आत टिरटिरतो. म्हणून मी तांदळाचा रिकामा स्टीलचा डबा घेऊन खोलीत फिरलो आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात जमा करून डबा मागच्या अंगणात नेऊन ठेवला. सुजाता म्हणाली, "एक तरी राहू द्या नं, असू द्या बाजूला सुरू." मी म्हणालो, "एका नस्तीच्या दोन नस्त्या झाल्या की घोळ होतो." फायलींबद्दलचं हे कार्यालयीन वाक्य मी अत्यंत आत्मविश्वासाने उच्चारलं होतं, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मग मी काकूंच्या कानांवर हेडफोन चढवला. गायकाने स्वतःचा आवाज ऐकत गावं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. काकूंनी पहिलं गाणं धरलं.

खारुनेच्या काठी कोणी पेरली तूर
भुलाबाईचं माहेर बाई किती किती दूर

आणि त्या थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा ओळ म्हटली, पण हळू. मग आणखी हळू. तिसऱ्या खेपेला एकेक अक्षर ओढत त्या एखाद्या चढावर दमलेल्या रिक्षासारख्या पूर्ण थांबल्या. हेडफोन कानावरून उचलून म्हणाल्या, "श्याम, हे कोण बाई माझ्या मागून म्हणून राहिली? मी थांबते म्हणते तिच्यासाठी, तं ते बी थांबते. तिले सांग, तुले येते तं तूच म्हण."

आवाज माइकमधून आत जाऊन, यंत्रात फिरून, हेडफोनमधून बाहेर यायला जो उशीर लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. आमच्या कार्यालयात त्याला प्रकरण विचाराधीन आहे असं म्हणतात. काकूंना मी समजावून सांगितलं की ती बाई म्हणजे तुम्हीच. त्या म्हणाल्या, "मी इतकी मागं राहाणारी नोहे." आणि हेडफोन काढून ठेवला तो कायमचा.

उशीर कमी करायला गेलो तर यंत्राला धाप लागू लागली. ती लागली की आवाजात 'टक्' होतं, ओळीतलं एखादं अक्षर गळतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल आकडा वाढतो. पहिल्या रविवारी तो दोनशे चौदावर गेला. मी एका गाण्याला काकूंना थांबवलं, पुन्हा म्हणायला लावलं; पुन्हा टक् झालं, पुन्हा थांबवलं. खोलीत पंखा नाही, ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, सहा बायका पदराने वारा घेत बसलेल्या. सुजाता माझ्याकडे बघत नव्हती, हे मला न बघताही कळत होतं. इंदूताई नावाच्या एक बाई आहेत, स्वभावाने गरीब, त्यासुद्धा म्हणाल्या, "भाऊजी, एखादं अक्षर गेलं तं जाऊ द्या नं. आपलीच भुलाबाई आहे, रागावणार नाही." मी म्हणालो, "पुढच्या पिढ्या रागावतील." इंदूताईंनी टिपऱ्या पुन्हा हातात घेतल्या.

हे तीन रविवार चाललं. मधल्या वारीही संध्याकाळी मी एकट्या काकूंकडे लॅपटॉप घेऊन जायचो आणि सुटलेले तुकडे भरून आणायचो. टिपऱ्या मीच वाजवायचो, नाहीतर काकूंना शब्द येत नसत. पहिलं गाणं अठ्ठावीस वेळा झालं. चौदावं नऊ वेळा झालं. त्या चौदाव्यात एक जागा अशी होती की तिथली ओळ यंत्र सारखं खायचं. काकूंचा आवाज तिथे नुसता 'हं हं हं' असा येई आणि पुढची ओळ सुरू होई. मी चिडून मनात यंत्राच्या सात पिढ्या उद्धरायचो आणि काकूंना पुन्हा म्हणायला लावायचो. काकू कंटाळल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा त्या म्हणाल्या, "बाप्पा, माझी सासू बरी होती. ते एक डाव शिकवे अन् सोडून दे."

तिसऱ्या रविवारी सगळी सोळा गाणी आत गेली. लाल आकडा शून्य होता. मी उठून स्वतःच पंखा लावला आणि मोबाइलचा डबा अंगणातून आणून वाटला. मला फार बरं वाटत होतं, त्याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही.

आता राहिलं होतं ते फक्त स्वच्छ करणं. रेकॉर्डिंगमध्ये मागे रस्त्यावरच्या गाड्या, वरच्या मजल्यावरचा कुकर, हिरालालचा कुत्रा असं बरंच काही आलं होतं. त्यासाठी प्लगइन असतात. प्लगइन म्हणजे मुख्य प्रोग्रामला जोडायचं छोटं यंत्र. कोणी आवाज जाड करतं, कोणी देवळात गायल्यासारखं करतं. लिनक्सवर अशी शेकडो मिळतात आणि प्रत्येकावर इतकी बटणं असतात की वैमानिकानेही घाबरावं. मला हवं होतं गोंगाट काढणारं. ते मिळालंही. त्याची पद्धत सोपी होती. जिथे फक्त गोंगाट आहे असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा त्याला ऐकवायचा. त्यावरून ते गोंगाट ओळखायला शिकतं आणि मग संपूर्ण रेकॉर्डिंगमधून तेवढं पुसून टाकतं.

मी अगदी सुरुवातीचा तुकडा निवडला. गाणं सुरू व्हायच्या आधी शांतता असते, नुसता मागचा गोंगाट असतो, हे कोणीही सांगेल. मी तो तुकडा यंत्राला दिला आणि हुकूम केला. सुरुवातीचे दहा सेकंद ऐकून पाहिले. इतकी शांतता की मला भरून आलं. मग मी सगळी गाणी एकत्र करून एक अंतिम प्रत काढली.

इथे आमच्या खात्याची एक पद्धत सांगितली पाहिजे. टिपण तयार होतं तेव्हा त्याचे मसुदे असतात. फेअर कॉपी निघाली की मसुदे नष्ट करायचे, म्हणजे उद्या कोणी दोन कागद दाखवून प्रश्न विचारत नाही. आणि फेअर कॉपी वाचायची आमच्याकडे पद्धत नाही, कारण ती फेअर असते. लिनक्सने मला विचारलं, न वापरलेल्या मूळ फायली काढून टाकू का, यानंतर त्या परत मिळणार नाहीत. अशा मजकुराखाली मी बत्तीस वर्षं सही करत आलो आहे. मी होय म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी सुजाताला, इरावतीला आणि कुंपणापलीकडून आलेल्या हिरालालला समोर बसवून मी अंतिम प्रत लावली. कोजागिरी सोमवारी होती. आधी टिपऱ्या ऐकू आल्या. मग काही नाही. मग एकदम सहा बायका म्हणाल्या, "किती किती दूर". पुन्हा काही नाही. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, अतिशय स्पष्ट. मग पुन्हा सहा बायका, "बाई किती किती दूर". मधेमधे हिरालालचा कुत्रा. सोळाच्या सोळा गाण्यांत टिपऱ्या होत्या, झील होती, मोटारसायकली होत्या, फक्त वनमालाकाकू नव्हत्या.

काय झालं होतं ते कळायला वेळ लागला नाही. भुलाबाईत 'आता सुरू करा' असं कोणी म्हणत नाही. काकू मांडी घालून बसल्या की त्यांचं गुणगुणणं सुरू होतं, बाकीच्या पदर सावरेपर्यंत त्यांची पट्टी लागलेली असते. मी निवडलेल्या त्या पहिल्या शांत तुकड्यात काकू अगदी हळू सूर लावत होत्या. यंत्राने तोच गोंगाट मानला, प्रामाणिकपणे शिकला आणि घरभर शोधून शोधून पुसला.

हिरालाल हळूच म्हणाला, "भैया, आपने तो चाची ला ही काट दिया." इरावतीने लॅपटॉपचा आवाज हळूच बंद केला, त्याचं मला जास्त लागलं. सुजाता उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मी मागे गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती. "मी तुम्हाले एक मोबाइल सुरू ठेवा म्हणून राहिली होती," एवढंच तिने म्हटलं. ती ओरडली असती तर मला सोयीचं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रात्री जेवण गेलं नाही.

पुन्हा रेकॉर्डिंग करायचं तर तेही शक्य नव्हतं. काकूंचा घसा बसला होता. तीन आठवडे मी त्यांना गायला लावलं त्याचा तो परिणाम, असं डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. आठ दिवस अजिबात गायचं नाही, बोलायचंही कमी, मिठाच्या गुळण्या करायच्या. आठ दिवसांनी काकू चौदाव्या मजल्यावर असणार होत्या.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन तात्यापाऱ्यात गेलो. काकूंच्या घरात खोकी बांधून ठेवली होती, भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन दिसत होते. काकू पलंगावर गळ्याला मफलर गुंडाळून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. तुकडा निवडला ते, मसुदे काढून टाकले ते, सगळं. स्वतःविरुद्ध इतका सविस्तर अहवाल मी नोकरीत कधी दिला नव्हता. काकूंनी हाताने खूण केली, ऐकव.

मी लावलं. काकू डोळे बारीक करून ऐकत राहिल्या. बायकांची झील आली की त्यांची बोटं मांडीवर पडायची. मधल्या रिकाम्या जागी त्या थांबायच्या. पाच गाणी त्यांनी तशीच ऐकली. मग घोगऱ्या आवाजात, कष्टाने म्हणाल्या, "मी गेल्यावर असंच होईल नं रे. बाया झील धरतील अन् म्हणाले कोणी नाही." मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. हे कोण आहे?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. काकूंनी पुन्हा तेच लावायला सांगितलं. लॅपटॉपला कान लावला. बायका थांबल्या की मधल्या जागेत, अगदी खाली, विहिरीतून यावा तसा एक जाडाभरडा आवाज होता. बेसूर होता, पण ओळ पूर्ण म्हणत होता. शब्दन् शब्द. "नणंद वाढे बासी बाई, वर मिठाचा खडा." पुढची ओळही म्हणत होता, त्याच्या पुढचीही.

तो मी होतो. लॅपटॉपसमोर बसून लाल आकड्यावर नजर ठेवताना मी तोंडातल्या तोंडात म्हणत असणार. माझा आवाज काकूंच्या पट्टीच्या बराच खाली, म्हणून यंत्राने तो गोंगाटात धरला नाही. सगळं आयुष्य भुलाबाईची गाणी बायकांची म्हणून मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत काढलं, आणि हे कधी घडलं ते मला स्वतःला माहीत नव्हतं.

काकूंनी लॅपटॉपचं झाकण लावलं. उशाजवळच्या खोक्यातून टिपऱ्या काढून स्वतःच्या हातात घेतल्या आणि हनुवटीने खूण केली, म्हण.

"काकू, मी..."

"म्हण, पोट्ट्या."

चोपन्न वर्षांचा, राजपत्रित दर्जाचा मी, चपला काढून खोक्यांमध्ये मांडी घालून बसलो आणि म्हणायला लागलो. काकू टिपऱ्या वाजवत होत्या. पहिलं झालं. दुसरं झालं. काकूंना न्यायला आलेला शिशिर दारात येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. काकूंना आवाज नव्हता, पण माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. चुकलो की टिपरी माझ्या गुडघ्यावर पडायची. तेरा गाण्यांत ती चार वेळा पडली.

चौदाव्यात, गाडी जुंपून मुलगी सासरी निघते त्या ठिकाणी, काकूंचे ओठ हलायचे थांबले. टिपऱ्याही थांबल्या. मी मात्र लयीत होतो, म्हणून पुढे गेलो.

गाडी जुंपली दारात, माय म्हणे जा
जाते म्हणू नको बाई, येते म्हणून जा

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे ओळ तुले कोणी सांगितली?"

"तुम्हीच म्हटली होती."

"म्या?" त्यांनी मान हलवली. "हे माझ्यापासून गेली रे. दोन-तीन वर्षं झाले. तिथं आलं की अंधारच होते. मी हं हं करून पुढं जाते, बायांले समजत नाही. कोणाले सांगितलं नाही म्या."

तेव्हा मला कळलं की ती ओळ यंत्राने कधीच खाल्ली नव्हती. मी उगाच यंत्राला शिव्या देत काकूंना नऊ वेळा म्हणायला लावत होतो. "नवव्या वेळी म्हटली होती, काकू. तेवढी एकदाच आली. मला वाटलं, चला, या वेळी बरोबर रेकॉर्ड झाली."

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग पुष्कळ वेळ माझा हात हातात धरून बसल्या, आणि मीही लॅपटॉपवर डोकं टेकून रडलो. उरलेली दोन गाणी आम्ही त्यानंतर केली.

सोमवारी संध्याकाळी मंडळात भुलाबाईपुढे साठ-सत्तर बायका होत्या आणि त्यांच्या मधोमध मी होतो. सुजाताने मला धोतर नेसायला लावलं होतं, ते का, हे मी अजूनही विचारलेलं नाही. हिरालालने दारात दोन लहान भोंगे लावून दिले होते आणि बेस आपल्या मनाने वाढवला होता. मी पहिली ओळ म्हटली तेव्हा मागच्या रांगेत फिस्सकन हसू फुटलं, इरावतीचंच असणार. माझी पट्टी इतकी खाली की बायकांना झील कुठून धरावी ते कळेना. सुजाताने पुढे होऊन वरून सूर दिला, तेव्हा गाडी रुळावर आली. तिसऱ्या गाण्यापासून कोणी हसत नव्हतं, कारण झील धरणाऱ्याला हसता येत नाही.

काकू पुढे खुर्चीवर मफलर गुंडाळून बसल्या होत्या. डॉक्टरांनी गायला बंदी केली होती आणि शिशिर बाजूला पहारा देत होता. चौदाव्या गाण्यात ती जागा आली. मी काकूंकडे न बघता ओळ म्हणायची असं ठरवलं होतं, पण बघितलंच. "जाते म्हणू नको बाई, येते म्हणून जा," मी म्हटलं, आणि साठ-सत्तर बायकांनी ते उचललं. साठ वर्षं ज्यांनी पुढे म्हटलं आणि मागून दुसऱ्यांनी झील धरली, त्या वनमालाकाकू त्या वेळी डोळे मिटून, आवाज नसलेल्या घशाने, बाकीच्या बायकांबरोबर मागून म्हणत होत्या.